काटा खाली येईपर्यंत

दाजींना ऊन लागलं, असं आमच्या घरात सांगतात. लघवीला म्हणून गाडीतून उतरले, कुणाच्या तरी बांधावर बसून राहिले आणि तिथंच भोवळ आली. कुणी विचारलं की आक्का असंच सांगते, भाची असंच सांगते, आणि मी समोर असलो तर मान हलवतो. निदान यंदाच्या मार्चपर्यंत हे असंच चाललं होतं. हे सगळं मी रचलेलं होतं. त्या दुपारी दाजी गाडीतून उतरलेच नव्हते. मी त्यांना उतरू दिलं नव्हतं.

आक्का माझी थोरली बहीण. दाजी तिचे मालक. जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात ते भट्टीपुढं कामाला होते. मी शिक्षक. मुलांना निबंध लिहायला लावणं वेगळं आणि स्वतःबद्दल चार ओळी खऱ्या लिहिणं वेगळं, हे मला पन्नाशीत कळतंय. जमेल तसं लिहितो.

सुरुवात गाडीपासून करावी लागेल, कारण स्वतःशी बोलतानाही मी ही गोष्ट गाडीपासूनच सुरू करत आलो.

गाडी जुनी घेतली होती, डिझेलची, टर्बोवाली. थंडीत घेतली त्यामुळं तिचा स्वभाव कळला नाही. पायाखाली जरा दाबलं की पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखी पुढं जायची, आणि मला ते फार आवडायचं. आयुष्यभर दुचाकीवर धूळ खाल्लेला माणूस मी. ट्रकला मागं टाकताना मला उगीचच आपण कुणीतरी झालो असं वाटायचं. मार्च लागला आणि उष्णतेचा काटा मधल्या रेघेवरून सरकायला लागला.

शाळेत आम्ही चौघं-पाच जण अशाच गाड्यांचे मालक होतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीच्या सावलीत गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी. दुरून बघणाऱ्याला वाटावं गाड्याच दमून जांभया देऊन राहिल्यात. एकानं पाणी अडवणारी झडप, थर्मोस्टॅट, काढूनच टाकली होती. एकानं बॉनेटच्या बिजागरीखाली वायसर घालून ते बोटभर उचलून ठेवलं होतं, वाफ बाहेर पडावी म्हणून. गणिताचे सर समोरच्या जाळीला ओलं गोणपाट बांधायचे. "सर, गाडीला कांजिण्या आल्यात काय?" असं आम्ही त्यांना विचारायचो. ते म्हणायचे, "तुमच्या गाडीला ताप आला की मंग मागायला या गोणपाट. देणार न्हाई."

आमच्यापैकी एकही जण रेडिएटरमध्ये कूलंट घालत नव्हता. रंगीत पाणी इकत कशाला आणायचं, शाळेत बोर आहे की, असं आमचं शहाणपण. त्या बोरच्या पाण्यानं शाळेचे नळ पांढरे पडले होते. घरी तांब्या-पेल्यांवर क्षाराचा थर बसायचा, बायको लिंबाची फोड घेऊन घासत बसायची, तरी जायचा नाही. एक घागर आठवडाभर भरून ठेवली तर तळाशी चुना बसायचा. आम्ही शिकलेली माणसं, तेच पाणी इंजिनात ओतत होतो आणि इंजिन तापतं म्हणून टर्बोला नावं ठेवत होतो.

मी आणखी एक केलं. बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेच्या बुडाशी, रबराची एक पट्टी असते. ती मी ओढून काढली. तिथून इंजिनाची धग बाहेर पडेल असा हिशोब. धग बाहेर पडली खरी, पण तिथंच गाडीत हवा घेणारी जाळी असते, ती धग तिनं आत ओढली. पंखा लावला की पायाशी जळक्या डिझेलचा वास आणि गरम झोत. बायको म्हणाली, "माझ्या पायाला चटके बसून राह्यले." मी म्हणालो, "काच खाली कर."

जालन्यातच मंठा चौफुलीजवळ एक मिस्त्री होता, म्हातारा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्यानं रेडिएटरचं झाकण उघडून बोट घातलं आणि पांढरं बोट मला दाखवलं.

"सर, कितने बार बोला, बोर का पानी नक्को. अंदर से पत्थर हो गया. ये अब बदलनाच पडता."

"सुट्ट्या लागल्यावर बघू, चाचा."

"देखो. तब तक काटा उप्पर गया तो एसी बंद करो, हीटर फुल करो, काचां नीच्चे. इंजन की गर्मी अंदर खींच लेता, इंजन बच जाता. और एकदम बंद नक्को करना. टर्बो की गाडी है, थोडी देर चालू छोडना, नै तो तेल जलके टर्बो बैठ जाता."

"अन् आत बसलेला माणूस?"

"वो पसीना पोंछता, और क्या," चाचा म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

हा उपाय मी एकटा असताना पुष्कळदा करून बघितला होता. शाळेतून घरी येईपर्यंत सदरा पिळून काढावा असा भिजायचा, पण काटा उतरायचा. त्याचा मला अभिमान वाटायचा. गाडी मला कळायला लागली, असं वाटायचं.

सुट्ट्या लागल्या. रेडिएटर राहिला.

मेमध्ये भाचीची सोयरीक बघायचं ठरलं. मुलाकडचे येऊन मुलगी बघून गेले होते. आता आपण त्यांचं घर बघायला जायचं. मंठ्याच्या पुढं त्यांचं गाव. आक्का आणि चार बायामाणसं सकाळीच जीप करून गेली. दाजींची रातपाळी होती. ते सुटून, अंघोळ करून माझ्याबरोबर यायचे असं ठरलं. बोलणी मी करायची होती, कारण घरात शिकलेला मी. आणि गाडी न्यायची होती, कारण घरात गाडीही माझीच.

दाजी आले ते पांढरा सदरा, खांद्यावर निळा रुमाल, केसांना तेल. डोळे तांबडे. रातभर भट्टीपुढं राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक कोरडा तकतकीतपणा असतो, तो अंघोळीनं जात नाही.

"जयभीम मास्तर. निघायचं का तुमचं इमान उडवत?"

"जयभीम. झोप झाली का थोडी?"

"झोप तुमच्या शाळेत मिळते. आमच्याकडं डुलकी लागली तर सळई पायातून जाती."

असे टोमणे ते मला कायम मारायचे आणि मी घ्यायचो. मेव्हण्या-दाजीचं नातंच तसं. मागं एकदा मीच त्यांना चिडवलं होतं, की तुमच्या अंगाला उन्हाळा लागतच नसेल, तुम्ही मीठ लावून वाळवलेले. ते हसले होते.

जावई माणूस, म्हणून पुढच्या सीटवर. मागं पसरून झोपले असते तर बरं झालं असतं, मी म्हणालोही तसं. "मागं बसाया मी काय कलवरी हाये का?" म्हणाले आणि पुढं बसले. निघताना मी पाण्याचा एक डबा आणि पिण्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. डबा गाडीसाठी, बाटल्या आमच्यासाठी. हे मी नीट वाटून घेतलं होतं, त्यामुळं नंतर मला चुकून झालं असं म्हणायची सोय नाही.

गावाबाहेर पडेपर्यंत एसी चालू होता आणि दाजी पेंगले होते. रामनगरच्या पुढं काटा चढायला लागला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या. बाहेरची हवा आत आली ती भट्टीचं दार उघडल्यासारखी. दाजी जागे झाले.

"काय झालं?"

"गाडी गरम होऊन राह्यली. दाजी, थोडा वेळ हिटर लावावा लागंल."

"काय लावावं लागंल?"

"हिटर."

ते सावरून बसले. "मास्तर, लोक मे महिन्यात कूलर लावत्यात."

मी समजावून सांगितलं. इंजिनाची उष्णता आत घ्यायची, म्हणजे इंजिनावरचा भार कमी होतो, वगैरे. वर्गात समजावतो तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ताप इंजनाला आलाय अन् घाम मी गाळायचा."

"थोडा वेळच."

"लावा. रातभर भट्टीपुढं उभा राहून आलोय. तुमच्या ह्या चुलीनं काय व्हतंय मला."

हे त्यांचं वाक्य मी किती वर्षं जपून ठेवलं. कधी मनात काही वर आलं की ते वाक्य त्याच्यावर ठेवायचं. त्यांनीच लावा म्हटलं होतं. ते खरंच म्हणाले होते. पण ते माझा मान ठेवायला म्हणाले होते. मेव्हण्याची गाडी, मेव्हणा आपल्या पोरीच्या कामाला निघालेला. त्याला नाही कसं म्हणावं.

हिटर पूर्ण लावला. पायाशी, छातीवर, तोंडावर झोत. पट्टी काढलेल्या फटीतून इंजिनाची धग वेगळी. काटा केसभर खाली आला आणि मला आनंद झाला. हे लिहिलं पाहिजे. माझ्या शेजारी माणूस निळ्या रुमालानं मान पुसत होता, आणि माझे डोळे त्या काट्यावर होते.

आक्काचा फोन आला. "कुठं हायेत? पाव्हणे जेवायचे थांबलेत."

"आलोच."

"ह्यांना दे."

"झोपलेत," मी म्हणालो. दाजी जागे होते. डोळे मिटून डोकं मागं टेकून बसले होते. काटा बघत बघत मला दोघांच्या बोलण्यात अडकायचं नव्हतं, म्हणून झोपलेत म्हणालो. त्या दिवशीचं पहिलं खोटं ते, अगदी लहान.

वाटूर फाटा मागं पडला आणि काटा एकदम लाल पट्टीला लागला. मी गाडी कडेला घेतली. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूची जुनी झाडं गेलेली. नजर जाईल तिथपर्यंत नांगरून ठेवलेली काळी रानं, आणि डांबरावर हवा थरथरत होती. सावली फक्त गाडीच्या टपाची.

इंजिन मी बंद केलं नाही. टर्बोची गाडी. हिटरही बंद केला नाही, कारण तोच तर उष्णता ओढत होता. बॉनेट उघडलं आणि डब्यातलं पाणी समोरच्या जाळीवर मारायला लागलो. वाफ निघायची, पाणी खाली पडेपर्यंत सुकायचं.

दाजींनी दार थोडं उघडलं. "मास्तर, मला खाली घ्या जरा."

"बाहेर लई ऊन हाये, दाजी. आतच बसा. दोन मिन्टं."

"आत बी तेच."

"काटा खाली येईपर्यंत. बसा."

त्यांनी पाय बाहेर ठेवला होता, तो आत घेतला. दार लावून घेतलं. मोठा माणूस, माझ्याहून वयानं थोरला, घरचा जावई, आणि मुलासारखं ऐकलं.

डबा संपला. मी दाजींकडं गेलो. त्यांच्या हातात बाटली होती, दुसरी सीटवर पडलेली, रिकामी. त्यांनी हातातली माझ्यापुढं केली. मला वाटलं त्यांना झाकण उघडून पाहिजे. झाकण उघडंच होतं. मग ते म्हणाले, "बाजूला व्हय. आली. सळई आली."

"काय?"

"अरे बाजूला व्हय, येडा हाये का, पट्टीवर हाये ती," आणि त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला ढकललं. हात तव्यासारखा तापलेला. कोरडा. सदरा थोड्या वेळापूर्वी पाठीला चिकटलेला होता, तो आता सुकून ताठ झाला होता.

दर उन्हाळ्यात शाळेत उष्माघाताची सूचना येते. ती परिपाठाला मीच वाचून दाखवायचो, कारण माझा आवाज मोठा. घाम येणे बंद होणे. त्वचा कोरडी व गरम पडणे. असंबद्ध बोलणे. मुलं पायानं माती उकरत ऐकायची. मला ती सूचना पाठ होती. त्या क्षणी तिचा शब्द न् शब्द माझ्या डोक्यात आला, आणि मी ठरवलं की दाजी गंमत करून राह्यलेत. त्यांची सवयच तशी. ठरवलं हा शब्द मी विचार करून लिहितोय. मला वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. ते माझ्याकडं बघत होते. मी बॉनेटकडं गेलो आणि ती इंजिनावरच्या पाण्याच्या टाकीत ओतली.

यावर मी अनेकदा विचार केलाय. मी वाईट माणूस आहे म्हणून ओतली असं नाही, आणि घाबरलो म्हणून ओतली असंही नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी स्वच्छ हिशोब होता. इंजिनाचं हेड तापून गेलं तर गाडी इथंच राहील. टेम्पोच्या मागं उभं राहून पोरीच्या सोयरिकीला जावं लागेल. पाहुण्यांच्या दारात गाडीतून उतरायचं होतं मला. तेवढ्यासाठी.

काटा उतरला. गाडी सुरू होतीच. मी बसलो, निघालो, आणि हिटर तसाच चालू ठेवला. दाजी काही बोलत होते ते आता शब्द नव्हते. मग ते पुढं झुकले आणि कपाळ समोरच्या फळीवर टेकलं. मी हाक मारली. दंडाला धरून हलवलं. तोंडातून फेस आला आणि अंग झटके द्यायला लागलं. तेव्हा मी हिटर बंद केला.

मंठ्याच्या दवाखान्यात त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, बर्फ आणला, नळ्या लावल्या. तिथल्या माणसांनी धावपळ केली, कशात कमी केली नाही. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "हे कुठे होते? किती वेळ उन्हात होते?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. लघवीला उतरले, बांधावर बसून राहिले, मला वाटलं येतील. एकदा बोललो आणि ते घट्ट झालं. आक्का आली, तिला तेच सांगितलं. पाहुणे आले, त्यांना तेच. आक्का रडत म्हणाली, "ह्यांना किती येळा सांगितलं, भट्टी सोसती म्हणून ऊन सोसतंय असं न्हाई. ऐकतच न्हाईत कुणाचं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रुग्णवाहिकेतून त्यांना जालन्याला हलवलं. जगले. पण जे परत आले ते तेवढेच होते. चालताना पाय कुठं पडतो ते त्यांचं त्यांना कळत नाही, दारुड्यासारखे झुलतात. हात पेल्याकडं नेला तर पेल्याच्या बाजूला जातो. जीभ जड झाली. एक शब्द काढायला कपाळाला आठ्या पडतात. कामावर त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. ती सोयरीक मोडली; आजारी बापाच्या पोरीचं घर कोण चालवणार, असं कुणीतरी बोलल्याचं कानावर आलं. भाची आता बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायला जाते.

गाडीला काही झालं नव्हतं. त्याच आठवड्यात मी रेडिएटर बदलला. चाचा म्हणाला, "सर, नसीबवाले हो. हेड एकदम सही है." तेव्हापासून काटा रेघेच्या वर गेलेला नाही.

त्यानंतर मी आक्काच्या घरी फार जायला लागलो. बाजार आणून देणं, दाजींची दाढी करून देणं, महिन्याला दवाखान्यात नेणं. लोक म्हणायचे भाऊ असावा तर असा. आक्का शेजारणींना सांगायची, "माझ्या भावानं गाडी पळवली म्हणून ह्यांचा जीव वाचला." माझी बायको एकदा म्हणाली, "सख्ख्या बापाचं एवढं केलं न्हाई तुम्ही." मी म्हणालो, माणुसकी असते.

आणि दाजींना मात्र त्यांच्याच घरात बोलणी. भाताची शितं अंगावर सांडली की आक्का म्हणायची, "बसा अजून बांधावर." रागानं नाही, थकून म्हणायची. लेकरं म्हणायची, पप्पांनी स्वतःच्या हातानं करून घेतलं. नातेवाईक म्हणायचे, भट्टीचा माणूस, उन्हाला भ्याला न्हाई, तिथंच फसला. दाजी ऐकायचे आणि भिंतीकडं बघायचे. त्यांना त्या दुपारचं काही आठवतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचं नव्हतं. आठवत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

दवाखान्याला नेताना त्यांना मागं आक्काजवळ बसवायचो. तिला त्यांचा हात धरावा लागे. यंदा मार्चमध्ये आक्काची कंबर धरली होती, तिला मागं आडवं पडून यायचं होतं. ती म्हणाली, "आज ह्यांना पुढं बसव तुझ्याजवळ."

मी पुढचं दार उघडलं. दाजींना काखेत धरून आणलं. त्यांनी आत बघितलं, आणि दाराच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं. एरवी पेला न धरता येणारे हात. पाय रोवले. मी हळूच ढकललं तर घशातून एक आवाज काढला आणि मान हलवायला लागले, नाही, नाही, नाही.

"काय झालं आता?" आक्का म्हणाली. "बसा की."

ते बसेनात. गल्लीतली माणसं बघायला लागली. आक्का कंबर धरून पुढं आली. "एवढं करतो माझा भाऊ, पोटच्या लेकावानी करतो, अन् त्याच्या गाडीत बसाया तुम्हाला नखरे? स्वतः करून घेतलं अन् आता दुसऱ्याला तरास." आणि तिनं त्यांच्या दाराला धरलेल्या हातावर चापट मारली. पुन्हा मारली. बोटं सुटली नाहीत.

दाजी तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडंही नाही. त्या सीटसमोरच्या गोल जाळीकडं बघत होते, जिथून हवा येते.

"आक्का, मारू नको," मी म्हणालो. "ते उतरले नव्हते त्या दिवशी."

"काय?"

गल्लीत उभं राहून, उघड्या दाराला धरून, मी सांगितलं. हिटर सांगितला. तिला हिटर म्हणजे काय ते कळेना.

"गरम हवा? मे महिन्यात?"

"हो."

"कशापायी?"

"इंजन वाचावं म्हणून."

"ह्यांनी काय म्हणले?"

"मला खाली घ्या म्हणाले."

"मंग?"

"मी बसा म्हणालो."

बाटलीचंही सांगितलं. आक्कानं दाजींची बोटं एकेक करून दारावरून सोडवली, आता हलक्या हातानं, आणि त्यांना पायरीवर नेऊन बसवलं. आपण शेजारी बसली. चापट मारलेला हात मांडीवर घेतला आणि चोळत राहिली.

"मी एवढी वर्सं म्हणून राह्यले तुम्हीच केलं म्हणून. तुम्हाला ठावं व्हतं ना?"

दाजींनी हो म्हणून मान हलवली.

"मंग सांगायचं तरी. बोलता येत न्हाई तर हातानं दावायचं. मला कळलं असतं."

दाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. शब्द यायला फार वेळ लागला. मी गाडीजवळ उभा होतो, मला तिथपर्यंत जाता आलं नाही, पण ऐकू आलं.

"त्योच... येतो," ते म्हणाले. "दुसरं... कोन?"

आक्कानं त्यांचा हात पदरानं पुसला. मग मान वर न करता मला म्हणाली, "कोपऱ्यावरून रिक्षा आण."

मी आणली. ती दोघं बसली. मला चल म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. रिक्षा वळेपर्यंत मी थांबलो आणि मग गाडीचं ते दार लावलं.

मला वाटलं होतं ती आता तोंड बघणार नाही. एका अर्थी ते सोपं गेलं असतं. पण पुढच्या महिन्यात तिचा फोन आला. आवाज साधा, हिशोबी. "उद्या दवाखाना हाये. रिक्षा मी सांगितलीय. ह्यांना पायऱ्या उतरवाया माणूस लागतो, माझी कंबर चालत न्हाई. तू ये. गाडी आणू नको." आणि फोन ठेवता ठेवता, "पोरांना तू सांगायचंस. मी न्हाई सांगणार तुझ्या वतीनं."

मुलांना सांगितलं. भाची ऐकून आत निघून गेली, आणि मी आलो की अजूनही आतच असते. भाचा मला आता मामा म्हणत नाही. सर म्हणतो.

मी चालत जातो. दाजी दारात उभे असतात, चौकट धरून. मी एक पायरी खाली उभा राहून खांदा पुढं करतो. ते हात ठेवतात. एरवी असा झुलणारा माणूस सगळा भार टाकून देतो, आक्कावर टाकतातच. माझ्या खांद्यावर हात असतो, पण भार ते भिंतीवर देतात.